जोडीतला एकच बदलला, तर?



घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता ते दिवस तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आतल्या नळ्या तांबूस उजळायच्या, तापायच्या आणि मग निवेदकाचा आवाज उमटायचा. ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्व्ह अडगळीत गेले. इलेक्ट्रिक गिटारच्या अॅम्प्लिफायरमध्ये मात्र ते टिकले. आवाज फार वाढवला, तरी व्हॉल्व्ह एकदम फाटत नाही; हळूहळू जाडाभरडा होत जातो. रॉक संगीताला तोच आवाज हवा असतो. जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये लंडनला जो पहिला अॅम्प्लिफायर तयार केला, तो अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या 'बेसमन'वरून.

काही वर्षांपूर्वी एक कॉलेजकुमार असाच ५० वॉटचा अॅम्प्लिफायर माझ्याकडे दुरुस्तीला घेऊन आला. त्यात ईएल ३४ जातीचे दोन पॉवर व्हॉल्व्ह होते. त्यातला एक गेलेला. "काका, एकच बदला ना, दोन परवडत नाहीत," तो म्हणाला. मी एकच बदलला. गॅदरिंगच्या दिवशी ऐन कार्यक्रमात नवा व्हॉल्व्ह लालबुंद झाला आणि फ्यूज उडाला. चूक माझीच होती.

हे दोन व्हॉल्व्ह म्हणजे एका जूला जुंपलेली बैलजोडी. स्वरलहरीचा एक अर्धा भाग एक उचलतो, दुसरा अर्धा दुसरा. दोघांचे प्रवाह आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये विरुद्ध बाजूंनी येतात. ते सारखे असले, तर एकमेकांना तोलतात आणि गुणगुण दबते. एक थकलेला आणि एक ताजा असला, की तोल जातो, गुणगुण वाढते आणि ताज्यावर जास्त भार पडतो.

म्हणून व्हॉल्व्ह जोडीने बदलायचे, तेही जुळवलेले. एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले असले म्हणजे जुळले असं नाही. दोघांना सारखाच दाब दिल्यावर दोघांतून जवळजवळ सारखाच प्रवाह वाहिला, तरच ती जोडी. सुरुवातीच्या टप्प्यातल्या छोट्या व्हॉल्व्हना बहुधा एवढी जुळवाजुळव लागत नाही.

जोडी बसवली तरी काम संपत नाही. गिटार गप्प असतानाही व्हॉल्व्हमधून थोडा प्रवाह वाहतच असतो. तो ठरवणाऱ्या ऋण दाबाला 'बायस' म्हणतात. ईएल ३४ च्या प्लेटची उष्णता सोसण्याची मर्यादा २५ वॉट. तिच्या साधारण ७० टक्के, म्हणजे साडेसतरा वॉट, एवढ्यावर थांबायचं. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील, तर हिशेब ३९ मिलिअँपिअरच्या आसपास येतो. प्रवाह फार कमी ठेवला, तर आवाज कोरडा, खरबरीत होतो. फार जास्त ठेवला, तर प्लेट लाल होते. ती लाल दिसली, की त्या क्षणी बंद करायचं. काही अॅम्प्लिफायर हा बायस स्वतःच सांभाळतात, पण जुळलेली जोडी त्यांनाही लागते.

आता सर्वांत महत्त्वाचं. हे साडेचारशे व्होल्ट जीवघेणे आहेत. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते साठून राहू शकतात. म्हणून पेटी उघडणं जाणकारावरच सोपवा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय असा अॅम्प्लिफायर कधीही चालवू नका, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

व्हॉल्व्ह महाग का, असं मुलं विचारतात. ते बनवणारे कारखाने आता जगात मोजकेच उरले आहेत. प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात रोखल्याची बातमी आली, तेव्हा जगभरच्या गिटारवादकांची धावपळ उडाली होती. पुढे निर्यात पुन्हा सुरू झाली, पण ही तार किती बारीक आहे ते सर्वांना कळलं.

त्या मुलाला मी नंतर जुळवलेली जोडी बसवून दिली. नव्या व्हॉल्व्हचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. बायस लावून तासभर चालू ठेवला आणि दिवा मालवून पाहिलं. दोन्ही प्लेटा काळ्याच होत्या. मग त्याला म्हटलं, "वाजव आता."