सुरतेचा वाढलेला मुक्काम

सहलीचा बेत आखताना आपण गाड्यांच्या वेळा, मुक्कामाची ठिकाणे आणि शिदोरी यांचा तपशीलवार जाबता तयार करतो. परंतु घरातले एखादे माणूस वाटेत जायबंदी झाले तर काय करावयाचे, याची तजवीज त्यात कोठेही नसते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सारे खानदेशातून तापी खोऱ्यातल्या गाडीने सुरतेस आत्याकडे गेलो असता, अश्विनीकुमार घाटाच्या ओल्या पायरीवरून आईचा पाय घसरला आणि घोट्याजवळचे हाड मोडले.

तापी ही सूर्यकन्या आणि देवांचे वैद्य अश्विनीकुमार हे सूर्यपुत्र, अशी पुराणांनी दिलेली वंशावळ आहे. युद्धात पाय तुटलेल्या विश्पलेला लोखंडी जंघा बसवून ज्यांनी चालती केल्याचे ऋग्वेद सांगतो, त्यांच्याच तीर्थावर हा प्रसंग ओढवावा याचे मला वैषम्य वाटले. आईला मात्र त्या नावाचा आधार वाटला.

डॉक्टरांनी पाय प्लॅस्टरमध्ये घातला. ही पट्टी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका डच लष्करी शल्यवैद्याने प्रचारात आणली. पण मोडलेला अवयव निश्चल राखण्याचे तत्त्व फार जुने आहे. सुश्रुताने उंबर, पिंपळ, पळस यांच्या सालींच्या आणि बांबूच्या कामट्या सांगितल्या असून, बंध थंडीत ७ दिवसांनी आणि उन्हाळ्यात ३ दिवसांनी बदलावा, असाही निर्बंध घातला आहे. तरुणाचे हाड महिन्यात स्थिर होते, मध्यम वयात दुप्पट काळ लागतो आणि उतारवयात तिप्पट, हा त्याचा हिशेब. वैद्याने हाड जागेवर बसवावयाचे. पुढे तेथे साकळलेल्या रक्ताच्या जागी मऊ कूर्चा आणि कूर्चेच्या जागी नवे हाड घडविण्याचे काम शरीर आपल्या गतीने करते, आणि त्या कामाला सुट्टी संपत आल्याची वर्दी देऊन काही उपयोग नसतो.

ही गती मान्य करणे आईला वेदनेहून जड गेले. नणंदेच्या घरी उशीवर पाय ठेवून पडून राहावयाचे, पाणीसुद्धा मागून घ्यावयाचे, आणि मुलांचे डुमसचा समुद्र पाहणे आपल्यामुळे राहिले हे मनात घोळवावयाचे! “वन्सं, मला घरी पोचती करा, म्हणजे तुम्ही मोकळ्या व्हाल,” असे ती रोज म्हणे. “वहिनी, हे घर तुमच्या भावजींचे आहे तितकेच तुमचे आहे, पाय टेकेपर्यंत जाण्याचे नाव काढू नका,” असे आत्याचे उत्तर ठरलेले. अखेर वडील कचेरीची रजा संपल्यामुळे धाकट्यांना घेऊन परतले, जाण्यापूर्वी आईच्याच आग्रहाने त्यांनी मुलांना डुमस दाखविले, आणि मी मागे राहिलो.

त्या दिवसांत मी सुरतेविषयी मिळेल ते वाचीत होतो. शिवछत्रपतींनी १६६४ आणि १६७० मध्ये मारलेली सुरत आपल्याला पाठ असते. पण याच शहरात जराजर्जर व जखमी प्राण्यांचा पांजरपोळ होता, आणि जेम्स फोर्ब्स या इंग्रजाने अठराव्या शतकात तेथे घोडे, बैल, माकडे, पक्षी आणि ७५ वर्षे आश्रयास असलेले एक कासव पाहिल्याचे नमूद केले आहे, हे मला ठाऊक नव्हते. निकामी झालेल्या बैलाला पुन्हा औताला कधी जुंपता येईल, असा प्रश्न तेथे कोणी करीत नसे. या व्यवस्थेविषयी मला नितांत आदर वाटतो. आजारी माणसाला औषधपाणी आपण तत्परतेने देतो. निरुपयोगी असण्याची मुभा मात्र फार काटकसरीने देतो, आणि घरातल्या बाईला तर ती बहुधा देतच नाही.

आत्याच्या शेजारणींनी ती मुभा सढळपणे दिली. कोणी पिठाची गरम राब आणी, कोणी डिंकाचा गुंदरपाक. आत्याचे डिंकाचे लाडू होतेच. बोटे हलवीत राहा, अशी डॉक्टरांची ताकीद होती, तेव्हा शेजारची एक वृद्ध बा रोज दुपारी समोर बसून आईकडून ती हालचाल करवून घेई. गुजराती आणि मराठी यांची भेसळ करीत दोघी आपापल्या सासरच्या हकिकती सांगत.

पोंक, म्हणजे थंडीतला ज्वारीचा हुरडा, बाजारात येऊ लागला तेव्हा प्लॅस्टर निघाले. पाय वाळल्यासारखा दिसला आणि आई घाबरली. परंतु सांधा आखडणे व स्नायू रोडावणे हे दीर्घ विश्रांतीचे अपरिहार्य फळ असून व्यायामाने ते हटते, अशी डॉक्टरांनी तिची समजूत घातली. काठी घेऊन प्रथम ओसरी, मग गल्ली, मग कोपऱ्यावरचे देऊळ, अशी तिची मजल वाढत गेली. घरी आल्यावरही पुष्कळ महिने ती जिना कठड्याला धरूनच उतरे. त्याबद्दल कोणी तिला घाई केली नाही.