दिल्लीची जांभळे आणि शरीराचा गंज

नव्या दिल्लीच्या रुंद रस्त्यांवर पावसाळ्याच्या तोंडाला एक निराळेच दृश्य दिसते. तुघलक रोड, अशोक रोड आणि पूर्वीचा राजपथ, म्हणजे 2022 पासूनचा कर्तव्यपथ, यांच्या कडेला जांभळाच्या रांगा आहेत. एक माणूस झाडावर चढून फांदी हलवितो आणि खाली चौघे चादरीची टोके धरून उभे राहतात. या फळांचे रीतसर ठेके दिले जात आले आहेत. त्यामुळे मंत्र्यांच्या बंगल्यांसमोर पिकलेले जांभूळ तासाभरात कोपऱ्यावरच्या टोपलीत येते आणि काळे मीठ लावून, मडक्यात खुळखुळवून गिऱ्हाइकाच्या हाती पडते.

1911 साली राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली आणि 1931 साली नव्या नगरीचे उद्घाटन झाले. मधल्या काळात उद्यानतज्ज्ञ मस्टो यांच्या देखरेखीखाली ही वृक्षराजी लावली गेली. मोजक्याच जाती निवडल्या होत्या. त्यांत जांभळाला मान मिळाला तो सदाहरित छायेसाठी. फळाचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही. शंभर वर्षांनंतर पाहावे तर छाया सर्वांनी गृहीत धरली आहे आणि चर्चा फळाची आहे. फळवाला सांगतो, याने रक्त शुद्ध होते. शिकलेले गिऱ्हाईक म्हणते, यात अँटिऑक्सिडंट असतात.

या शब्दाला मराठी परिभाषेत ‘प्रतिऑक्सिडीकारक’ असे जडजंबाळ नाव आहे. जीभ अडखळावी असाच तो शब्द आहे. पण त्यामागील कल्पना घरगुती आहे. लोखंड गंजते, चिरलेले सफरचंद काळे पडते, शेंगदाण्याच्या तेलाला खवट वास येतो. या सर्वांच्या मुळाशी प्राणवायूची एकच करणी आहे. ज्या प्राणवायूवाचून आपण क्षणभर जगू शकत नाही, त्याच्याच व्यवहारातून पेशींमध्ये काही उतावळे कण निर्माण होतात. त्यांना एक इलेक्ट्रॉन कमी पडलेला असतो आणि तो ते शेजाऱ्याकडून हिसकावून घेतात. वार्धक्याच्या मुळाशी हीच हिसकाहिसकी असावी, असा सिद्धान्त डेनम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1956 साली मांडला. आपला इलेक्ट्रॉन देऊन हा तंटा मिटविणारी द्रव्ये ती प्रतिऑक्सिडीकारके.

वनस्पतींना तर दिवसभर उन्हात उभे राहावयाचे असते. त्यांनी ही द्रव्ये प्रथम स्वतःच्या रक्षणासाठी घडविली. जांभळाचा गर्द रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा आहे. त्यांत डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्विडिन हे घटक मुख्य. ती विशेषतः सालीत साठतात. जिभेला ओढ बसते ती टॅनिनांमुळे. उन्हाळ्यात टोपल्यांतून येणारा इवलासा फालसा याच कुळीच्या रंगद्रव्यांनी जांभळा होतो. करवंद येथे ‘करौंदा’ म्हणून मिरचीबरोबर परतले जाते. थंडीत गव्हाच्या शेतांतून येणारा बथुआ म्हणजे आपला चाकवत. कॅरोटीनने तो समृद्ध असतो, मात्र त्यात ऑक्झलेटही असल्याने मूतखड्याची प्रकृती असणाऱ्याने तो बेताने खावा. हरियाणाच्या शेतकऱ्याला हाच बथुआ तण वाटतो. तो त्यावर तणनाशक फवारतो आणि दिल्लीची गृहिणी त्याच्या जुडीला पैसे मोजते.

आवळ्याची गोष्ट थोडी विस्ताराने सांगावयास हवी. भारतीय अन्नाच्या जुन्या कोष्टकांत शंभर ग्रॅम आवळ्यात 600 मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व दिले होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली नवी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांत हा आकडा अडीचशेच्या आसपास उतरला. जाहिरातदार अर्थातच जुन्या आकड्यालाच चिकटून आहेत. पण कमी झालेला आकडाही थोडा नव्हे. त्याच संस्थेने 2020 साली प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज 80 मिलिग्रॅम ठरविली आहे. म्हणजे दोन मध्यम आवळ्यांत ती सहज भागते.

दिल्लीत आवळा बाजारात येतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, नेमका शहरावर धुराचे सावट उतरते तेव्हा. धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसात हीच इलेक्ट्रॉनांची लूट माजवितात, आणि फुप्फुसाच्या आतील पातळ द्रवात ‘क’ जीवनसत्त्व खरोखरीच पहाऱ्यावर असते. एवढ्या दोन सत्यांवरून आवळ्याचा रस धूर धुऊन काढतो, असा निष्कर्ष बाटलीच्या वेष्टनावर छापला जातो. तो सिद्ध झालेला नाही.

तो का मानू नये याचा धडा फिनलंडने दिला आहे. तेथे 29,133 धूम्रपानी पुरुषांवर पाच ते आठ वर्षे प्रयोग झाला. त्यांतील काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या होत्या. फळे-भाज्या खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो असे दिसले होते. तेव्हा त्यांतील द्रव्य वेगळे काढून दिले की काम झाले, अशी अपेक्षा होती. 1994 साली निष्कर्ष आले. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के अधिक आढळला! अमेरिकेतील तशाच स्वरूपाचा प्रयोग 1996 साली मुदतीपूर्वी थांबवावा लागला. धुरात जगणाऱ्या माणसाला एकच द्रव्य भरमसाट पाजणे निरुपद्रवी नाही, हे दिल्लीकराने विशेष ध्यानात ठेवावे.

परीक्षानळी आणि रक्त यांत अंतर आहे. जांभळातील रंगद्रव्याचा फार थोडा अंश जसाच्या तसा रक्तात पोहोचतो. उरलेल्याचे आतड्यांतील जंतू रूपांतर करतात. परीक्षानळीतील मापनावर आधारलेली खाद्यपदार्थांची क्रमवारी अमेरिकेच्या कृषिखात्याने 2012 साली मागे घेतली, कारण तिचा उपयोग मुख्यतः विक्रेतेच करू लागले होते. फळ खाल्ल्याने जो लाभ होतो त्यात तंतू, पोटॅशियम आणि अन्य अनेक द्रव्यांचा हात असतो. त्यातला नेमका वाटा कोणाचा, हा हिशेब अजून लागलेला नाही. फळ खाणाऱ्याचे त्यावाचून अडतही नाही.

अडते ते दुसरीकडे. राजपथावर रुजलेली जांभळे आता वृद्ध झाली आहेत. मुळांभोवती फरसबंदी आली की पाणी मुरत नाही, आणि वादळात एखादे मोठे झाड उन्मळले की त्याच्या जागी दुसरे जांभूळच लागेल अशी खात्री नसते. फुटपाथावर सडा पडतो, मोटारींवर डाग पडतात, अशी तक्रार काहींची असते. ती खोटीही नाही. तरी जून सरता सरता टोपली घेऊन बसणाऱ्या त्या फळवाल्याभोवती, कचेरी सुटल्यावर कारकून आणि शिपाई जांभळी जीभ घेऊन उभे असतात. दहा-वीस रुपयांच्या द्रोणात त्यांना जे मिळते, त्यासाठी औषधाच्या दुकानात बरेच अधिक मोजावे लागते, आणि ते तसे मिळतही नाही.