एकांची मालगाडी

श्रोतेहो, दौंड जंक्शनवर मालगाडी धडधडत निघाली की वाघिणी मोजायला पोरांना कोणी शिकवावे लागत नाही. शिरूरला, म्हणजे आपल्या घोडनदीला, रेल्वे नाही. परंतु कामाकाजाने दौंडला गेला असाल तर तुम्हीही त्या मोजल्याच असतील. आज अशीच एक गाडी आकड्यांची जोडू या.

पाटीवर ओळीने बारा एक लिहा: ११११११११११११. वाचायला गेलात तर निखर्वापर्यंत जावे लागते. आता प्रश्न असा की, ही संख्या मूळ की संयुक्त? भागाकार करायचा नाही हं! बारा वाघिणी आहेत, त्या तीन-तीन करून सोडवा. चार तुकडे पडले आणि प्रत्येक तुकडा १११ चा. म्हणजे साऱ्या गाडीला १११ ने निःशेष भाग जाणारच. भागाकार येतो १००१००१००१. दोन-दोन सोडवल्या तर ११ ने, चार-चार सोडवल्या तर ११११ ने भाग जातो. वाघिणींचे सारखे तुकडे पडले की संख्येचेही अवयव पडतात.

आता एक हजार एक एकांची गाडी घ्या. वहीचे पान भरून जाईल; पण ७ × ११ × १३ म्हणजे १००१, तेव्हा सात-सात वाघिणी सोडवा. एवढी प्रचंड संख्या संयुक्त आहे हे तिसरी-चौथीतल्या पाढ्यांवर ठरले!

या एकांच्या ओळींशी आयुष्यभर खेळलेले एक मास्तर आपल्याकडे होऊन गेले, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात झाले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तरकी केली. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, आणि नऊ एकांचा १२३४५६७८९८७६५४३२१. अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ म्हटले, आणि हे नाव आले डोंबिवली स्टेशनावरून, कारण कल्पना तिथे सुचली. पुष्कळ विद्वानांना हा पोरखेळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात लिहिले, तेव्हा जगाला कापरेकर कळले. शेजारच्या मास्तरांची ओळख परदेशातून व्हावी, हे काही मला बरे वाटत नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, इथे एक खड्डा आहे. वाघिणींची संख्या संयुक्त, तर मोठी संख्या संयुक्त, हे खरे. पण वाघिणी मूळ संख्येइतक्या असल्या म्हणजे मोठी संख्याही मूळ, असे वर्गात सांगू नका. तीन वाघिणींचा १११ म्हणजे ३ × ३७. सतरा एकांची गाडी सारख्या तुकड्यांत सुटत नाही, तरी ती २०७१७२३ × ५३६३२२२३५७ आहे. उलट एकोणीस एक आणि तेवीस एक खरोखर मूळ आहेत.

संख्या संयुक्त आहे हे कळणे निराळे आणि तिचे अवयव हाती लागणे निराळे. १९७७ साली अमेरिकेत १२९ अंकी एक संख्या कोडे म्हणून छापली. दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे हे सर्वांना ठाऊक होते. त्या दोन संख्या सापडायला १९९४ उजाडले, आणि तेही शेकडो लोकांनी संगणक जुंपले तेव्हा! घोड-भीमेकाठच्या उसाचे नि दुधाचे पैसे आता बँकेत जमा होतात. त्या व्यवहारांची कुलपे अजून पुष्कळ ठिकाणी अशाच, पण याहून कितीतरी मोठ्या संख्यांची असतात.

सात एकांचे अवयव मी मुद्दामच सांगत नाही. दोनच आहेत, दोन्ही मूळ. उद्या फळ्यावर सात एक लिहा आणि मुलांना मूळ संख्यांनी एकेक करून भागू द्या. लहान अवयव अडीचशेच्या आतच सापडतो.