पाया पडून बोधी मिळत नाही



अध्यक्षानं गोड बोलावं अशी रीत आहे; ती आज मोडतो. आत्ताच या मंचावर पाऊण तास सत्कार चालले. शाली संपल्या, हार संपेनात. एक वक्ते तर म्हणाले, भन्तेंच्या नुसत्या सहवासानं उद्धार होतो. साफ चूक!

आनंद पंचवीस वर्षं तथागतांच्या सेवेत होता. इतका जवळचा माणूस, पण महापरिनिर्वाणाच्या वेळी तो अर्हत नव्हता. झाला तो नंतर, राजगृहाच्या पहिल्या संगीतीच्या आदल्या रात्री, स्वतःच्या खटपटीनं. जे बुद्धानं आनंदाच्या पदरात टाकलं नाही, ते आमचे कोणते गुरुजी डोक्यावर हात ठेवून देणार आहेत?

टाळ्या वाजवणाऱ्या तरुणांनो, थांबा. आपला दिवा आपण, मग शिक्षक कशाला, असं तुम्ही म्हणता. छान पळवाट आहे. पवनीला जगन्नाथ टेकडीवर स्तूप निघाला म्हणून अभिमानाचे स्टेटस ठेवायचे आणि एक सुत्त धड वाचायचं नाही! सिद्धार्थ आधी आलार कालामाकडे शिकला, मग उद्दक रामपुत्ताकडे. त्यांचं सगळं आत्मसात केलं, गादी पुढ्यात आली, तरी समाधान झालं नाही म्हणून उठला. गुरू सोडायचा हक्क त्यानं शिकून कमावला होता.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. गंडा बांधला नाही, पुस्तक दिलं. तिथून दीक्षेपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं वाचन, पारख, वाद. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी चंद्रमणी महास्थवीरांकडून त्रिशरण-पंचशील घेतलं आणि लगेच, गृहस्थ असून, लाखोंना स्वतः दीक्षा दिली. तेव्हा दिलेल्या २२ प्रतिज्ञांत कुणा गुरूच्या पायाशी बसण्याची एकही नाही.

आणि आपल्याकडे? झाडीपट्टीत वर्षावास रोवणीच्या दिवसांतच सुरू होतो. दिवसभर चिखलात वाकलेल्या बाया संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ऐकायला येतात. वाचणारा वाचतो, साधुकार होतो, खीर वाटली जाते. तीन महिन्यांत प्रश्न एकही नाही. गुरू सांगतो म्हणून मानू नका, असं बुद्धानं कालाम लोकांना बजावलं. तो उपदेशही आपण हात जोडून, मान डोलावत ऐकतो! तथागतालासुद्धा पारखून घ्या, हेही त्याचंच सांगणं. ज्याला मधेच अडवता येत नाही, तो कितीही मोठा असो, धम्माचा शिक्षक नव्हे.

येत्या आषाढी पौर्णिमेला ग्रंथ उघडाल, तेव्हा अर्ध्या तासानं वाचन थांबवा. पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या बाईला विचारू द्या. भन्तेंना उत्तर येत नसेल तर त्यांनी तसं सांगावं आणि दुसऱ्या दिवशी वाचून यावं. त्या दिवशी मला बोलवा, मी खाली सतरंजीवर बसेन.