पट्ट्यावर बाईचं नाव
(महिला मेळाव्यातलं भाषण)



मला लिहिणाऱ्या बायांबद्दल बोलायला सांगितलंय. काही जणी म्हणतील, आम्ही अंगठेबहाद्दर, आम्हाला काय त्याचं? ऐका तर खरं.

सावित्रीबाई फुले आपल्या सातारा जिल्ह्यातल्या, नायगावच्या. लग्नानंतर अक्षर शिकल्या, मग पोरींना शिकवलं. 1854 साली त्यांचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह निघाला. त्याच साली, तिकडं लांब उत्तरेला नॉर्वे देशात कॅमिला कोलेट या बाईंची कादंबरी निघाली. मुलीचं मन न विचारता तिचं लग्न लावतात, हे त्यांनी लिहिलं. पण पुस्तकावर स्वतःचं नाव घातलं नाही.

शेजारच्या स्वीडनमध्ये बिनलग्नाची बाई कितीही मोठी झाली तरी कायद्यानं अज्ञानच. तिचा कारभार बाप नाहीतर भाऊ बघणार. 1856 साली फ्रेडरिका ब्रेमर यांनी 'हर्था' कादंबरीत याच्यावर बोट ठेवलं. मोठा गदारोळ झाला. 1858 साली कायदा बदलला. पंचविशी झालेली बिनलग्नाची बाई कोर्टात अर्ज करून आपला कारभार आपल्या हाती घेऊ लागली.

सांगली जिल्ह्यात कासेगावला गेल ऑम्वेट राहायच्या. जन्म अमेरिकेतला, पण सून कासेगावची. त्यांनी कष्टकरी बायांच्या लढ्यावर लिहिलं. सासू इंदुताई पाटणकर यांच्याबरोबर त्या नवऱ्यानं टाकलेल्या बायांसाठी लढल्या. लिहिणं आणि लढणं त्यांनी वेगळं ठेवलं नाही.

आता आपलं बघू. मोर्चात बाई पुढं, गार्डाशी भांडायला बाई पुढं, अन् कागदावर? माझ्या आईनं जंगलातला प्लॉट दगड वेचून तयार केला. तिचं नाव कुठंच नाही.

2006 चा वनहक्क कायदा काय सांगतो? कलम 4(4): लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या नावे. आणि ध्यानात ठेवा, हिंदू वारसा कायदा आदिवासींना आपोआप लागू होत नाही. त्यामुळं पट्ट्यावरचं नाव हाच आपला मोठा आधार.

म्हणून दावा भरताना दोघांची नावं घाला. टाकलेली, विधवा बाई असेल तर तिचा दावा आधी घ्या. पट्टा हातात आला की कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. बाईचं नाव सुटलं असेल तर ग्रामसभेत उभ्या राहा, दुरुस्तीचा ठराव करा.

भावांनो, यात तुमचं काही जात नाही. दोघांचं नाव असलं की जमीन एकट्याच्या अंगठ्यानं जात नाही.

पुस्तक नाही लिहिलं तरी चालेल. एवढं एक नाव मात्र लिहूनच घ्यायचं!