अब्बांचं नेहमीचं बीपी किती?

(पुण्यात तरुण मित्रमैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मित्रांनो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. कुठलं औषध द्यायचं हे आयसीयूतले डॉक्टर ठरवतील. पण आयसीयूच्या दारात बसलेल्या पोरांकडे एक माहिती असते, जी आतल्या मशीनकडे नसते. तिच्याबद्दल बोलायचंय.

गेल्या वर्षी माझ्या अब्बांना लघवीचा संसर्ग झाला, तो रक्तात पसरला आणि त्यांना आयसीयूत ठेवावं लागलं. मॉनिटरवर ८५/५५ आणि शेजारी कंसात ६५. कंसातला आकडा म्हणजे सरासरी दाब. वरच्या-खालच्या आकड्यांतला फरक ३०, त्याचा तिसरा हिस्सा १०, तो खालच्या ५५ मध्ये मिळवला की ६५. संसर्गामुळे दाब कोसळलेल्या रुग्णासाठी जगभर सुरुवातीचं लक्ष्य ६५च धरतात. म्हणजे मॉनिटरची तक्रार नव्हती. लघवीची पिशवी मात्र जवळजवळ रिकामी.

ड्यूटीवरच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरी असताना यांचं बीपी किती असायचं?" माझ्या बहिणीनं फोनमधली नोंद दाखवली. गोळी चालू असूनही १५०/९०च्या आसपास. सरासरी काढा, ११० येते. बाईंनी लक्ष्य ८० केलं आणि दाब वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा वेग वाढवला. दुसऱ्या दिवशी पिशवीत लघवी दिसू लागली, डायलिसिस टळलं. तेवढ्यानंच टळलं असं मी म्हणणार नाही. अँटिबायोटिक, सलाइन, सगळंच चालू होतं.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. दाब थोडा वरखाली झाला तर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसून किंवा सैल होऊन प्रवाह सारखा ठेवतात. पण एका मर्यादेतच. बीपी वर्षानुवर्षं जास्त राहिलं की ती मर्यादाच वर सरकते. कोंढव्यात राहणाऱ्यांना पाण्याचं प्रेशर काय समजवायचं? तळमजल्याला पुरतं ते चौथ्या मजल्याच्या नळाला पुरत नाही. आमच्या कामातही सगळ्या सर्व्हरना एकच अलार्म लावत नाहीत, आधी त्या सर्व्हरचा नेहमीचा भार बघतात.

मग सगळ्यांचाच दाब चढवून ठेवायचा का? नाही. फ्रान्समध्ये ७७६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींचा सरासरी दाब ६५ ते ७० ठेवला, काहींचा ८० ते ८५. मृत्यूंत फरक पडला नाही. ज्यांना आधीपासून बीपीचा त्रास होता, त्यांच्यात जास्त दाब ठेवलेल्यांना डायलिसिस कमी लागलं. पण जास्त दाबाच्या गटात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण वाढलं. २०२० साली ब्रिटनमध्ये पासष्टीच्या पुढच्या सुमारे २,६०० रुग्णांवरचा अभ्यास आला. तिथं ६० ते ६५ एवढाच दाब चालवून घेतला, औषध कमी वापरलं, तरी मृत्यू वाढले नाहीत. म्हणून डॉक्टर एका आकड्यावर अडून बसत नाहीत. दर तासाची लघवी, क्रिएटिनिन, हृदयाची लय बघत लक्ष्य वरखाली करतात.

हा निर्णय घेताना त्यांना हवा असतो रुग्णाचा नेहमीचा आकडा, आणि तो फक्त घरच्यांकडे असतो. अम्मी-अब्बांचं बीपी, गोळ्यांची नावं, शेवटचं क्रिएटिनिन फोनमध्ये लिहून ठेवा. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी चालू असेल तर तीही लिहा, कारण अशा अनेक गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. रमजानमध्ये बीपीची गोळी बंद केली असेल तर तेही सांगा. खरं तर ती बंद करायचीच नसते, सहेरी-इफ्तारच्या वेळा डॉक्टर जुळवून देतात.

बीपीचं मशीन त्या टेबलावर ठेवलंय. आधी पाच मिनिटं शांत बसा, मग मोजा. चहा त्यानंतर. आता प्रश्न विचारा.