मोजके रुग्ण आणि संख्याशास्त्र

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मुलाने किंवा मुलीने संख्याशास्त्र हा विषय घेतला, की पालक मला हमखास विचारतात, "सर, सरासऱ्या काढून पोट भरते का?" पोटाचे उत्तर मी खाजगीत देतो. आज एवढेच सांगतो, की तान्ह्या बाळाला कोणता उपचार द्यावा हे ठरवितानाही हा विषय लागतो.

नवा उपचार गुणकारी आहे की नाही हे कसे कळावे? रुग्णांचे दोन गट करायचे आणि कोण कोणत्या गटात जाईल ते चिठ्ठी टाकून ठरवायचे. डॉक्टरांनी स्वतः निवड केली, तर बरे होण्याजोगे रुग्ण नकळत नव्या उपचाराकडे जातात आणि श्रेय उपचाराला मिळते. मधुमेहाचे हजारो रुग्ण मिळतात, तेथे हे सोपे आहे. पण ज्या आजाराचे रुग्ण वर्षाकाठी मोजकेच येतात, तेथे काय करायचे?

काही नवजात बाळांची फुफ्फुसे जन्मानंतर नीट काम करीत नाहीत. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी अशा बाळांसाठी एक्मो हे यंत्र वापरात आणले. बाळाचे रक्त नळीने बाहेर घ्यायचे, यंत्रात त्याला प्राणवायू द्यायचा आणि ते पुन्हा शरीरात सोडायचे. तेवढे दिवस फुफ्फुसांना विसावा. यंत्रावर त्यांचा विश्वास होता. मग निम्म्या बाळांना जुन्याच उपचारावर कसे ठेवावे?

मिशिगनमध्ये त्यांनी वेगळी युक्ती वापरली. समजा, एका पिशवीत दोन गोट्या आहेत, एक नव्या उपचाराची व एक जुन्याची. बाळ आले की न पाहता एक गोटी काढायची आणि परत टाकायची. बाळ वाचले तर त्याच उपचाराची एक गोटी वाढवायची. दगावले तर दुसऱ्या उपचाराची. म्हणजे जो उपचार जिंकेल त्याच्याकडे पुढची बाळे अधिक जातील. पहिले बाळ यंत्रावर गेले, वाचले. दुसरे जुन्या उपचारावर गेले, दगावले. पुढची दहाही यंत्रावर गेली आणि वाचली. बारावे बाळ आले तेव्हा पिशवीत १३ पैकी १२ गोट्या यंत्राच्या होत्या!

१९८५ साली हा निकाल प्रसिद्ध झाला आणि वाद पेटला. अकरा विरुद्ध एक, ही तुलना कसली? ते एक बाळ मुळातच अधिक आजारी असेल तर?

मग बोस्टनमध्ये दुसरा प्रयोग झाला. नियम असा, की एका उपचारावर चार बाळे दगावली की चिठ्ठ्या बंद व पुढील सर्वांना दुसरा उपचार. जुन्या उपचारावरील दहांपैकी चार दगावली; यंत्रावरील नऊही वाचली. त्यानंतरच्या २० पैकी १९ वाचली. पण येथे एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. संमती फक्त यंत्रावर जाणाऱ्या बाळांच्या पालकांची घेतली गेली. बाकीच्यांना चिठ्ठीबद्दल विचारलेच नाही. यंत्राची आशा दाखवून ती नाकारणे निष्ठुरपणाचे, असा युक्तिवाद होता. मला तो पटत नाही. आईबापांना दुःख होईल म्हणून त्यांना न विचारणे, हा त्यांच्यावरचा उपकार नव्हे.

एवढे होऊनही शंका उरली. अखेर १९९३ ते १९९५ या काळात ब्रिटनमध्ये १८५ बाळांवर सरळ चिठ्ठीची चाचणी झाली. यंत्राच्या गटातील ९३ पैकी ३० बाळे दगावली, जुन्या उपचाराच्या गटातील ९२ पैकी ५४. फरक इतका स्पष्ट दिसला, की देखरेख समितीच्या सल्ल्याने नवी बाळे घेणे मुदतीआधीच थांबविले.

या ५४ घरांचा विचार मनातून जात नाही. बार्टलेट यांचा हेतू दयेचाच होता. पण केवळ दोन गोट्यांनी सुरुवात केल्यामुळे पहिल्या एक-दोन बाळांच्या नशिबावर सारा प्रयोग झुकला. त्या बारांतून मिळालेले उत्तर खरे होते, पण ते कोणाला पटविता आले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, घरी पिशवी घ्या. प्रत्येक रंगाच्या एकेक गोटीऐवजी तीन-तीन टाका, बाळांचे निकाल नाणे उडवून ठरवा, आणि बारा वेळा काढून पाहा. किती बाळे कोणत्या बाजूला गेली ते वहीत लिहून पुढच्या मेळाव्याला घेऊन या.